मागून बघा जरा

"आज अमावास्या ना? मग मोकळ्याच असाल."

पार्लरचं दार अर्धं उघडून, एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून त्या हे विचारायच्या. उत्तराची वाट बघायची पद्धत नव्हती. सरळ आरशासमोरच्या खुर्चीत जाऊन बसायच्या, उजवा हात वर न्यायला बघायच्या, तो कानापाशी अडला की तोंडातल्या तोंडात त्याला दोन शब्द सुनावायच्या आणि मग डाव्या हाताने डोक्याची मागची बाजू चाचपायच्या. आरशातून माझ्याकडे बघत म्हणायच्या, "मागून बघा जरा. कसं आहे?"

आता तुम्ही म्हणाल, पार्लरमध्ये येऊन बाई हे नाही विचारणार तर काय विचारणार! पण त्या वर्षानुवर्षं दर अमावास्येला येत होत्या, आणि दर वेळी कापण्यासारखं काही असायचंच असं नाही. नुसतं मागून बघून घ्यायला पार्लरला येणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. तुम्ही पाहिली असलीत तर सांगा.

माझं पार्लर खडकीत, बाजारामागच्या गल्लीत, एका बंगल्याच्या गॅरेजात. मी कोर्स केला तेव्हा घरोघरी नुकतं केबल आलं होतं आणि टीव्हीवर शॅम्पूच्या जाहिरातींत बायका मान झटकून केस उडवत होत्या. त्या एका झटक्यावर आमचा धंदा उभा राहिला. आधी स्टेप कटची साथ आली, मग यू कट, मग फेदर कट. हिंजवडीला कंपन्या सुरू झाल्या तशा लांब केसांना लेयर्स मागणाऱ्या पोरी यायला लागल्या. शनिवार-रविवार मला चहा प्यायला फुरसत नसायची. अमावास्येला मात्र चिटपाखरू नाही. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या, रोज अमेरिकेशी फोनवर भांडणाऱ्या पोरीसुद्धा "आज नको हं, आई ओरडेल" म्हणून दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यायच्या. मी तरी उघडायचे. घरी सासूबाईंसमोर बसून मटार सोलण्यापेक्षा रिकामं पार्लर बरं.

अशाच एका अमावास्येला त्या पहिल्यांदा आल्या. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि पाठीवर तेल लावलेली, कमरेच्या खाली जाणारी जाडजूड वेणी. साठीच्या आसपास असाव्यात. मी त्यांना मॅडम म्हणायला लागले ते त्या साडीच्या इस्त्रीमुळे.

"खांदा धरलाय," त्या म्हणाल्या. "वेणी घालता येत नाही."

"घरात कुणी घालून देणारं..."

"असतं तर इथे कशाला आले असते?"

घ्या! मी तोंडाची फटकळ आहे असं माझी सासू गावभर सांगते. पण या बाईंनी मला दुसऱ्याच वाक्याला गप्प केलं. मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला आणि म्हटलं, "आज अमावास्या आहे. चालेल ना? नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

"आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवशी आमच्या घरातून अमावास्या गेली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे अजून आहे वाटतं."

"माझ्याकडे नाही हो, गिऱ्हाइकांकडे आहे. आज कुणी फिरकत नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही. दिवसभर मी आणि हा पंखा."

त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. त्या बघण्याचा अर्थ मला पुढच्या अमावास्येला कळला.

मी विचारलं, बॉब करू का, सांभाळायला सोपा. "बॉब नको. मी काय शाळेत चाललेय?" मग खांद्यापर्यंत? तेही नको. शेवटी त्यांनी सांगितलं. त्यांच्या खिडकीखाली कंपन्यांच्या बस थांबतात. सकाळी पोरी रांगेत उभ्या असतात, खिडकीकडे पाठ करून. त्यांतल्या एकीचे केस त्यांना आवडले होते. "लांबच आहेत, पण पायऱ्या पायऱ्यांनी कापलेले. आणि खाली लाटा लाटा. तसे करा."

"तिचा चेहरा कसा आहे? गोल की लांबट? चेहऱ्याप्रमाणे कट निवडावा लागतो."

"चेहरा कुणी पाहिलाय?"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, त्या पोरी लाटा मशीनने काढतात, तुमचे सरळ दिसताहेत, उगाच पैसे घालवू नका. वेणी सोडली, केस दोनदा धुवून सगळं तेल काढलं, कमरेखालची लांबी कापून पाठीच्या मध्यावर आणली आणि पंख्याखाली वाळू दिले. आणि मग मला माझेच शब्द गिळावे लागले. वजन गेल्याबरोबर केसांनी अंग वळवलं होतं. खांद्याच्या खाली अशा सुरेख लाटा आल्या, तशा मी कोर्समध्ये मशीन तापवून तापवूनही आणल्या नव्हत्या.

"अहो मॅडम, तुमचे केस सरळ नाहीतच!"

"जन्मभर सरळच होते."

"तेलाने आणि वेणीने. ओढून धरले होते म्हणून."

"असेल," त्या म्हणाल्या. "ओढून धरण्यात दिवस गेले खरे."

मी खांद्याच्या खालून लेयर्स काढले. वळणाऱ्या केसांना लेयर्स देताना कात्री जपून चालवावी लागते. केस वाळला की आखडतो, आपण बोटभर कापलं तर दोन बोटं गेल्यासारखं दिसतं. म्हणून थोडं कापायचं, थांबायचं, बघायचं. पुढे कानांपाशीही चार बटा सोडाव्यात म्हणून कंगवा तिकडे नेला तर त्यांनी माझा हात धरला.

"पुढे काही करायचं नाही. पुढचं मुलाला दिसतं."

मुलगा अमेरिकेत होता. जाताना घरात कॉम्प्युटर आणि त्याच्यावर सुपारीएवढा कॅमेरा बसवून गेला होता. दर रविवारी सकाळी दोघं बोलायचे. ही केसांची गोष्ट त्याला सांगायची नव्हती. तो आला की त्याने समोरासमोर पाहायचं आणि चकित व्हायचं, असा बेत. "रविवारी मागे क्लिप लावून बसेन. कॅमेऱ्यात पुढचंच दिसतं."

काम झाल्यावर मी हातातला आरसा त्यांच्या मागे धरला. त्या बघत राहिल्या. समोरच्या आरशात त्यांची पाठ, पाठीवर पायऱ्या पायऱ्यांनी उतरलेले करडे-काळे केस, शेवटाला लाटा. माझा हात अवघडला.

"ही कोण?" त्या म्हणाल्या.

"तुम्हीच."

"बरी आहे की."

कापलेले लांब केस मी कागदात गुंडाळून द्यायला लागले. "काय करू? भिंतीवर टांगू?" म्हणाल्या आणि निघाल्या. दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि कागदाची गुंडाळी पर्समध्ये टाकली. "कचऱ्यात बरं दिसत नाही," एवढंच.

मी त्यांना सांगितलं होतं की लेयर्स दोन-अडीच महिन्यांनी सारखे करायला या. त्या पुढच्याच अमावास्येला हजर. मी म्हटलं, अहो, इतक्यात कापण्यासारखं काय असणार?

"मग मागून बघा तरी," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी आरसा एकच होता. मागचं दिसायला दुसरा आरसा मागे धरावा लागतो, आणि तो धरायला हात वर जायला हवा. तो जात नव्हता. म्हणजे जन्मात पहिल्यांदा हौसेने केस केले ते सगळे पाठीवर, आणि घरात ते बघणारं कुणी नाही. हे त्यांनी रडून-बिडून नाही सांगितलं. खांद्याच्या दुखण्याची तक्रार करावी तशी सांगितलं, आणि वर माझ्या पंख्याला तेल घाला म्हणाल्या.

तेव्हापासून अमावास्या त्यांची. आम्ही दोघी आणि पंखा. मी त्यांना केस सांभाळायला शिकवत होते आणि त्या मला भंडावून सोडत होत्या. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा. बारीक कंगवा फेकून द्या, मोठ्या दातांचा घ्या, खालून वर विंचरत या. ओले असतानाच मुठीत धरून हलके चुरा, म्हणजे लाट बसते. झोपताना सैल अंबाडा. हे सगळं त्या एका हाताने करायच्या. तेलाचं मात्र जमेना. रोज तेल नको म्हटल्यावर त्यांनी असं पाहिलं, जसं काही मी त्यांना जेवू नका म्हणाले. "तेल नाही लावायचं, मग डोक्याला हात कधी लावायचा?" ब्लो ड्रायरला त्या भट्टी म्हणायच्या. सिरमची बाटली हुंगून म्हणाल्या, "याला वास तर चांगला आहे, पण हे तेलच आहे. बाटली तेवढी इंग्रजी."

कापण्यासारखं काही नसेल त्या दिवशी मी एक युक्ती करायचे. त्यांच्या मागे उभी राहून कात्री नुसतीच हवेत चालवायचे. कच् कच् कच्. केसाला लावायची नाही. वाटलं, म्हातारं माणूस, समाधान होईल. दोन-तीन अमावास्या असंच चाललं. मग एकदा त्या डोळे मिटून म्हणाल्या, "हवाच कापताय ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कापा. आवाज चांगला आहे."

वर्षातली एकच अमावास्या मी बंद ठेवायचे, लक्ष्मीपूजनाची. पहिल्या दिवाळीला दुसऱ्या दिवशी उघडलं तर त्या दारात उभ्या. "काल आले होते. कुलूप होतं. तुमची एवढी एकच अमावास्या बरी का हो?" पुढच्या दिवाळीपासून लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी फराळाचा डबा घेऊन पार्लर उघडायला लागले. सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत.

फराळ खाताखाता त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. नवरा इथल्याच कारखान्यात होता. तो अचानक गेला, तेव्हा मुलगा बालवाडीत. त्याच्या जागी यांना ऑफिसात नोकरी मिळाली. पगाराच्या दिवशी मुलाला घेऊन बाजारात जायच्या. दोन्ही हातांत पिशव्या, मग पोराने हात कशाचा धरायचा? तो वेणीचं टोक धरून मागे मागे चालायचा. एकदा गर्दीत दुसऱ्याच बाईची वेणी धरून चालायला लागला. ती बाई वळली तेव्हा जो काही भोकाड पसरलाय! "तेव्हापासून घट्ट धरायचा," त्या म्हणाल्या. "कधी कधी इतका ओढायचा की मान मागे जायची. ओरडायचे त्याला."

तो मुलगा शिकला, इंजिनियर झाला, कंपनीने आधी सहा महिन्यांसाठी पाठवलं, मग तिकडेच राहिला. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल त्या बोलायच्या नाहीत. येतो येतो म्हणायचा. डिसेंबरात येणार होता, प्रोजेक्ट लांबला. उन्हाळ्यात येणार होता, व्हिसाचं काहीतरी अडलं, आत्ता बाहेर पडलो तर परत घेणार नाहीत म्हणाला. मग ग्रीन कार्डची फाइल. दर वेळी त्या मला तारीख सांगून जायच्या आणि मी त्या हिशोबाने लेयर्स ठेवायचे, की तो येईल त्या आठवड्यात केस ऐन रंगात असावेत. तारीख जायची, केस वाढायचे, मी परत कापायचे. तो किती वर्षं आला नाही हे मोजायला मला कॅलेंडर लागत नव्हतं. त्यांचे करडे केस पांढरे होत होते आणि ते माझ्याच फरशीवर पडत होते.

मला राग यायचा. त्या मुलाचा यायचा, आणि कधी कधी यांचाही. एकदा बोललेच. "अहो मॅडम, एकदा त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसा ना! दाखवून टाका त्याला. संपला विषय."

"पाठ केली तर तो म्हणेल आई रागावली."

"म्हणू दे!"

"आणि मला तो कसा दिसेल?" त्या म्हणाल्या.

मी कात्री घेतली आणि हवा कापत बसले.

आणि एकदाचा तो आला. दिल्लीवरून विमान बदलून लोहगावला उतरणार होता. आदल्या दिवशी त्या आल्या, अमावास्या नसताना. पार्लर भरलेलं होतं. भर गर्दीत त्यांना पाहून मलाच कसंतरी झालं, इतकी सवय नव्हती. मी एका नवरीला तसंच फेस पॅक लावून बसवलं आणि यांचे केस धुतले, टोकं सारखी केली, मुठी मुठीने लाटा बसवल्या. खुर्चीत बसलेल्या पोरी वळून वळून बघत होत्या. एक म्हणाली, "आँटी, सो ब्युटिफुल!" मॅडम लाजल्या हो. पहिल्यांदाच पाहिलं मी.

मग पुढची अमावास्या येईपर्यंत माझा जीव टांगणीला. त्यांच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याकडे भुवया करायला यायच्या, त्यांना विचारलं. मुलगा येऊन गेला म्हणाल्या. बाकी काही माहीत नाही, मॅडम कुठे कुणाशी बोलतात!

अमावास्येला त्या आल्या. खुर्चीत बसल्या. डोकं चाचपलं नाही.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"थांबा, सांगते."

विमानतळाबाहेर ही गर्दी. ड्रायव्हर नावांच्या पाट्या घेऊन उभे. मॅडमना काय बुद्धी झाली, त्या दरवाजाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मुद्दाम. लहानपणी बाजारात पाठीवरून ओळखायचा, आता ओळखतो का बघू. आधी केस बघेल, मग आपण वळू. माणसं येत होती, ट्रॉल्या खडखडत होत्या. बाजूने एक जण गेला, ट्रॉली ढकलत, थोडा पुढे जाऊन थांबला. मॅडमना त्याची पाठ दिसत होती. टाळूवरचे केस गेलेले, चांगलं बशीएवढं टक्कल. वाटलं, असेल कुणी बिचारा, त्यालाही न्यायला कुणी आलेलं नाही. तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला.

"आई, कुठे आहेस गं? मी कधीचा बाहेर आलोय. तू दिसत नाहीयेस."

आवाज फोनमधूनही येत होता आणि समोरूनही.

मॅडम सांगत होत्या आणि हसत होत्या. मी हसले नाही. मला हसू येईना.

"तो वेणी शोधत होता," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगावरून गेला. आणि मी तरी काय? दर रविवारी बोलतोय, समोरून सगळं जागच्या जागी. मागे एवढं गेलंय याचा मला पत्ता नाही."

"मग? केस बघून काय म्हणाला?"

"काय म्हणणार? घाबरला. म्हणाला, आई, बरी आहेस ना?"

मग घरी गेल्यावर त्याने नीट पाहिले म्हणे. छान दिसतात म्हणाला. पण मॅडमचं लक्ष तोवर आपल्या केसांवरून उडालं होतं. तो होता तितके दिवस त्यांनी रोज संध्याकाळी त्याला खाली पाटावर बसवलं आणि डाव्या हाताने त्याच्या टाळूला तेल चोळलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, गुपचूप मान खाली घालून बसायचा. एक दिवस तसाच बसलेला असताना त्याने विचारलं, "आई, मागे खूप गेलेत का गं? मला दिसत नाही."

पंख्याचा आवाज येत होता.

"मी इथे इतकी वर्षं माझंच घेऊन बसले," त्या म्हणाल्या. "मला निदान तुम्ही आहात. त्याला तिकडे मागून कोण बघतं?"

डोळ्यांत पाणी त्यांच्या नव्हतं, माझ्या होतं. मी टॉवेल झटकायचं निमित्त करून दाराकडे गेले.

परत आल्यावर विचारलं, आता काय करायचं, वेणी वाढवायची का परत? लेयर्स सोडून दिले तर दोन-तीन वर्षांत एक होतील. त्याला वेणीच हवी असेल तर.

"मुळीच नाही," मॅडम पहिल्यासारख्या कडक झाल्या. "त्याने शिकायला हवं. परत जाताना विमानतळावर मी त्याच्यासमोर पाठ करून उभी राहिले. म्हटलं, नीट बघून घे. पुढच्या वेळी चुकशील."

"फोटो काढला असेल त्याने."

"काढत होता. मी म्हटलं, फोटो नको. लक्षात ठेव." मग त्यांचा हात मागे गेला. डावा. "बघ गं मागून. त्याच्या लक्षात राहील असं आहे ना?"

इतक्या वर्षांत मला त्या अगं-तुगं करून पहिल्यांदाच बोलल्या. मी हातातला आरसा धरला. म्हटलं, राहील. न राहून सांगतो कुणाला!

त्यानंतर पाच-सहा अमावास्या आल्या असतील. त्यांचे रविवार बदलले होते. आता बोलताना त्या त्याला आधी मान खाली घालायला लावायच्या. "तेल लावलंस का? दाखव." तिकडे तो कॅमेऱ्यापुढे डोकं वाकवायचा, इकडे या तपासायच्या. मला म्हणाल्या, "तुझंच काम करते आता."

मग एका शनिवारी, पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नाही अशा वेळी, त्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. मॅडम सकाळी उठल्याच नाहीत.

मी ॲप्रन काढला. एकीचा अर्धा हेअरकट शेजारच्या पार्लरवालीच्या हवाली केला आणि गेले. चौथ्या मजल्यावर छोटंसं घर. भिंतीवर बुद्धांचा फोटो, खाली मेणबत्त्या लावलेल्या. पांढऱ्या साड्यांतल्या चार-पाच बायका, सगळ्या ऑफिसातल्या जुन्या. मॅडमना पांढरी साडी नेसवून झाली होती. खिडकीखाली बसचा थांबा. शनिवार, म्हणून रिकामा.

मुलाला कळवलं होतं. कितीही धावपळ केली तरी तो परवाच्या आधी पोचत नव्हता. पण मॅडमनी वहिनींना पूर्वीच बजावून ठेवलं होतं, माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. मुलगाही फोनवर तेच म्हणाला, आई म्हणाली असेल तर तसंच करा. फक्त निघण्याआधी एकदा मला दाखवा.

वहिनी मोबाइल घेऊन पुढे झाल्या तेव्हा मी पाहिलं. बायकांनी घाईघाईत मॅडमचे केस मागे ओढून गाठ मारली होती. डोकं उशीवर. पुढून सगळं चापूनचोपून, अगदी रविवारच्यासारखं.

"थांबा," मी म्हणाले. "जरा थांबा वहिनी."

मी उशाशी बसले. डाव्या हातावर त्यांचं डोकं उचललं आणि गाठ सोडली. वाटीत पाणी मागितलं. बोटं ओली करून, मोठ्या दातांच्या त्यांच्याच कंगव्याने, खालून वर विंचरत गेले. मुठीत धरून हलके चुरले. पहिल्यांदा कापले तेव्हासारखीच केसांनी वळणं घेतली. मग ते सगळे केस मी पाठीमागून काढून पुढे घेतले, दोन्ही खांद्यांवरून खाली, पायरीला पायरी लावून. पाठीवरचं सगळं पुढे आणलं. काही मागे ठेवलं नाही. एक बाई कुजबुजली, आता केस मोकळे कशाला? मी शेवटची बट सारखी केली.

"आता धरा," मी म्हटलं.

वहिनींनी मोबाइल धरला. तिकडे रात्र होती. दिव्याखाली एक माणूस बसला होता, कपाळ आईचं. तो बघत राहिला. चेहऱ्यावरून त्याची नजर केसांवर उतरत गेलेली मला दिसली, खांद्यापासून टोकापर्यंत. "हो," एवढंच म्हणाला. "असेच. लक्षात आहे."

मग त्याला आवरेना. त्याने मान खाली घातली, पार खाली, आणि मोबाइलभर त्याची टाळू दिसायला लागली. मॅडम म्हणाल्या होत्या त्याहून जास्त गेले होते. आजूबाजूचे उरलेले केस कोरडे, पिंजारलेले. पाठीवर हात ठेवायला त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्या असत्या तर तेलाची बाटली शोधायला उठल्या असत्या.